भिंतीतला गारवा



पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरला येताना वाटेत रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे देऊळ तेथे आहे, म्हणून हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. आता त्या गावाची आणखी एक ओळख झाली आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत फ्रीज बनवणारे मोठमोठे कारखाने आहेत. सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहिलात, तर कामगारांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्या एकामागून एक जाताना दिसतील. तुमच्यापैकी काहींचे अब्बा किंवा भाईजान त्या बसमध्ये बसत असतील.

गंमत अशी, की 'रांजण' या मराठी शब्दाचा अर्थ पाणी साठवण्याचे मोठे मातीचे भांडे असा आहे. ज्या गावाच्या नावात रांजण, त्याच गावात फ्रीज तयार होतात! रांजण आणि फ्रीज हे नात्याने आजोबा आणि नातू आहेत असे म्हटले तरी चालेल. कसे, ते पाहू.

तुमच्या घरी रांजण नसला तरी माठ असेलच. माठाला बाहेरून हात लावून पाहा. हात ओला होतो. भाजलेल्या मातीला फार बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा क्षणभर गार वाटते, त्याचेही कारण हेच.

फ्रीजमध्ये आणि एसीमध्ये असेच घडते. मात्र तेथे पाण्याऐवजी एक खास वायू वापरतात. मेकॅनिक त्याला नुसते 'गॅस' म्हणतात. पुस्तकात त्याला 'शीतक' असे नाव आहे. हा शीतक तांब्याच्या नळ्यांतून फिरत राहतो. खोलीतल्या नळ्यांत त्याची वाफ होते, तेव्हा तो खोलीची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. बाहेरच्या पेटीत तो ती उष्णता सोडून देतो, पुन्हा द्रव होतो आणि पुन्हा आत येतो. तोच गॅस वर्षानुवर्षे हे काम करतो. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. "एसीतला गॅस संपला," असे कोणी म्हणाले, तर समजावे की गॅस संपलेला नाही, तो गळून गेलेला आहे.

गळून कोठे गेला? हवेत.

माठातले पाणी हवेत गेले तर कोणाचे काही बिघडत नाही. शीतकाचे तसे नाही. पूर्वी फ्रीजमध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचे वायू वापरत. ते पेट घेत नाहीत आणि सहसा विषारीही नसतात, म्हणून सर्वांना ते फार सोयीचे वाटले. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली. हे वायू हळूहळू वर जातात आणि तेथील ओझोनचा थर नष्ट करतात, असे त्यांनी दाखवून दिले. सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारा थर तो हाच. १९८५ साली अंटार्क्टिका खंडावर हा थर फारच विरळ झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांना आढळले. मग मात्र जगातील देश जागे झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात त्यांनी करार केला आणि हे वायू बंद करण्याचे ठरवले. भारत १९९२ साली या करारात सामील झाला.

या हकिकतीत एक भारतीय नाव आहे. ते मला विशेष आवडते. वीरभद्रन रामनाथन हे तरुणपणी सिकंदराबादच्या एका फ्रीज कंपनीत अभियंता होते. फ्रीजमधला वायू का गळतो, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे ते अमेरिकेला गेले. १९७५ साली त्यांनी सिद्ध केले, की हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पटींनी पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. ज्या गळतीच्या मागे ते कारखान्यात लागले होते, तीच गळती त्यांना आकाशात पुन्हा भेटली!

क्लोरोफ्लुरोकार्बन गेले आणि ओझोनचा थर सावरू लागला. पण दुसरे दुखणे शिल्लक राहिले. घरगुती एसीत पुष्कळ वर्षे आर-२२ नावाचा वायू वापरत. तोही ओझोनला थोडाफार घातक असल्यामुळे भारतात टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी आर-४१०ए आणि आर-३२ हे वायू आले. त्यांच्यापासून ओझोनला धोका नाही. परंतु उष्णता अडवण्यात तेही काही कमी नाहीत. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर १ किलो आर-२२ हा सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-४१०ए तर २,००० किलोच्याही वर जातो. आर-३२ पुष्कळ बरा, तरी त्याचा आकडा ६७५ च्या आसपास आहे. प्रोपेन हा वायू यांत सर्वांत निरुपद्रवी. भारतात २०१२ सालापासून प्रोपेनचे एसीही मिळू लागले. पण प्रोपेन पेट घेतो, म्हणून ते यंत्र हाताळायला शिकलेला माणूसच हवा.

१,८०० किलो म्हणजे किती? १ लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे १ किलो आर-२२ हवेत सोडणे आणि जवळजवळ ७८० लिटर पेट्रोल जाळणे सारखेच. लिटरला ५० किलोमीटर चालणाऱ्या मोटारसायकलवरून तुम्ही शिरूरहून पुण्याला जाऊन परत आलात, तर अशा सुमारे ३०० फेऱ्या होतील! घरातल्या एका दीड टनी एसीमध्ये साधारण एवढाच, म्हणजे किलोभर गॅस असतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो.

मी पूर्वी ज्या शाळेत शिकवत होतो, तेथे संगणकाची खोली वरच्या मजल्यावर होती. खोलीत दोन एसी होते. दोन्ही जुने, आर-२२ चे. दर मे महिन्यात त्यांचा गारवा कमी होई. मग कोणीतरी मेकॅनिक येई, गॅस भरून पैसे घेऊन जाई. असे तीन उन्हाळे गेले. चौथ्या वेळी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. तो दौंडला एसी-फ्रीज दुरुस्तीचे काम करतो. भर उन्हात मोटारसायकलवरून तो शिरूरला आला.

"अस्सलामु अलैकुम, सर."

"व अलैकुम अस्सलाम. ये बेटा, आधी पाणी पी."

त्याने पाणी प्यायले, यंत्राला मीटर लावले आणि म्हणाला, "सर, गॅस कमी आहे."

"गेल्या वर्षीच तर भरला होता!"

"भरला असेल. पण गळती कोणी शोधली नसेल."

त्याने साबणाचा फेस केला आणि नळीच्या एकेका जोडाला लावला. तिसऱ्या जोडावर बुडबुडा आला. इतकी साधी परीक्षा! तीन वर्षांत ती कोणी केली नव्हती.

"मग आता आत उरलेल्या गॅसचे काय करतात?" मी विचारले.

तो जरा थांबला. "खरे सांगू, सर? बहुतेक जण हवेत सोडून देतात. मीही सोडायचो. गॅस गोळा करण्याचे यंत्र असते, पण ते महाग. आणि गिऱ्हाईक म्हणते, लवकर आटप."

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला होता, असे मला वाटत नाही. त्याला मी तीन वर्षे मराठी शिकवले. कविता पाठ करून घेतल्या. पण त्याच्या हातून पुढे जे काम व्हायचे होते, त्याविषयी एकही धडा आमच्या वर्गात झाला नव्हता. आज हा पाठ मी लिहितो आहे, त्याचे एक कारण हेही आहे.

जोड घट्ट करून तो खोलीत चौफेर पाहू लागला. छताला हात लावला, पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या खिडकीपाशी उभा राहिला, गच्चीवर जाऊन आला. मग म्हणाला, "सर, यात यंत्राचा दोष कमी आहे. खोलीचा दोष जास्त आहे."

त्याचे म्हणणे असे होते. खोली वरच्या मजल्यावर, म्हणून छत दिवसभर तापते. खिडकी पश्चिमेला, म्हणून दुपारनंतरचे सारे ऊन आत येते. एवढी उष्णता बाहेर काढायची म्हणून एका एसीच्या जागी दोन बसवावे लागले. म्हणजे गॅसही दुप्पट झाला. शिवाय इमारत बांधताना एसीची बाहेरची पेटी ठेवायला जागाच सोडलेली नव्हती. म्हणून पेट्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उन्हात ठेवल्या होत्या. तेथपर्यंत तांब्याची लांबलचक नळी नेलेली. नळी लांब, म्हणून जोड जास्त. जोड जास्त, म्हणून गळतीच्या जागा जास्त. वाऱ्याने नळी हलते, भिंतीला घासते आणि एक दिवस तिला भोक पडते.

"काही ठिकाणी तर पेटी अशा अरुंद बोळात टांगतात, की तेथे माणूस उभाही राहू शकत नाही," तो म्हणाला. "मग दुरुस्ती कोण करणार? वरून गॅस भरायचा आणि निघायचे. माणूस पडून मरण्यापेक्षा गॅस गेलेला बरा."

या मुलाचे बोलणे ऐकून मला माझ्या नानीजानचे घर आठवले.

ते घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात आहे. हा भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा भागात पूर्वी माळवदाची किंवा धाब्याची घरे बांधत. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती. छताला लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या लहान. पुढे ओसरी. दारात कडुनिंब. २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता. गावातल्या नव्या खोल्या पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या. दुपारी तेथे जीव कासावीस होई. रोजेदार मंडळी नमाज झाली की एकेक करून नानीजानच्या घरी येत आणि जमिनीवर चटई टाकून आडवी होत. घरात साधा पंखा होता. तोही वीज असेल तेव्हाच चाले.

जाड भिंत गार का असते? माती आणि दगड उशिरा तापतात. बाहेरचे ऊन भिंतीतून आतपर्यंत पोहोचायला इतका वेळ लागतो, की तोवर संध्याकाळ होते. रात्री दारे-खिडक्या उघडी ठेवली, की भिंत पुन्हा निवते. सिमेंटच्या पातळ स्लॅबला एवढा धीर नाही. तो दुपारीच तापतो आणि रात्री ती उष्णता आपल्या अंगावर सोडतो. म्हणूनच रात्री दहा वाजताही वरच्या मजल्यावर झोप येत नाही.

पण जुने ते सारे सोने, असे मी म्हणणार नाही. माळवद मुसळधार पावसात गळते. दरवर्षी त्यावर माती टाकावी लागते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचे वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छते झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो लोक मरण पावले. तेव्हा नानीजानचे घर जसेच्या तसे बांधा, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. त्या घराची अक्कल मात्र घ्यावी. ऊन भिंतीबाहेरच अडवायचे, वारा आत घ्यायचा आणि छत तापू द्यायचे नाही.

ही अक्कल गरिबांच्या घरातच होती असे नाही. शिरूरहून तसेच पुढे गेले, की अहमदनगर लागते. आता त्याचे नाव अहिल्यानगर आहे. तेथे निजामशाही काळातील फराहबाग नावाचा महाल आहे. त्याचे बांधकाम १५८३ साली पूर्ण झाले. मोठ्या तलावाच्या मधोमध हा महाल उभा केला होता. वारा पाण्यावरून येई, थोडा निवे आणि कमानींतून आत शिरे. मधला दिवाणखाना चांगला उंच. गरम हवा वर जाते आणि माणसे खाली गारव्यात बसतात. आज तेथे तलाव भरलेला नाही, पण सहलीला गेलात तर भिंतींची जाडी हाताने मोजून पाहा.

आपल्याला ना तलाव परवडणार, ना महाल. मग आजच्या सिमेंटच्या घरात काय करता येईल?

आधी सूर्य कोठून येतो ते पाहू. शिरूर आणि दौंड येथे मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो, की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसे होते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी सर्वांत जास्त ऊन भिंतींवर पडत नाही, छतावर पडते. म्हणून पहिला उपाय छतावर करायचा. गच्चीला पांढरा चुना द्यावा किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. पांढरा रंग बरेचसे ऊन परत पाठवतो. तेलंगणा सरकारने २०२३ साली अशा थंड छतांसाठी धोरणच जाहीर केले आहे. पत्र्याचे घर असेल, तर पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा आणि खालून बांबूच्या तट्ट्याचे छत करावे. मधल्या हवेमुळे उष्णता लवकर खाली येत नाही. याला फार पैसे लागत नाहीत.

भिंतींचे म्हणाल, तर पश्चिमेची भिंत सर्वांत त्रासदायक. दुपारी चारचा सूर्य तिरपा असतो. खिडकीवरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. तेथे झाड हवे, नाहीतर खिडकीबाहेर बांबूची चिक हवी. चिक बाहेरूनच लावावी. आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत आलेलेच असते. मग पडदा तापतो आणि खोलीही तापते. नवे घर बांधताना लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून ठेवली आणि समोरासमोर खिडक्या दिल्या, तर निम्मे काम झाले. अलीकडे मोठ्या शहरांकडे पाहून आपल्या बाजारपेठेतही दुकानांना पुढून सगळी काचच लावतात. दुकान चकचकीत दिसते खरे, पण उन्हाळ्यात त्या काचेमागे एसीशिवाय बसून दाखवा!

खोलीत उष्णता कमी आली, की लहान एसी पुरतो. लहान एसीत गॅस कमी असतो. कित्येक खोल्यांत तर पंख्यावर भागते. जो गॅस यंत्रात भरलाच नाही, तो कधीच गळत नाही. जेथे एसी लागणारच आहे, तेथे घराचा नकाशा काढतानाच बाहेरच्या पेटीची जागा ठरवावी. ती सावलीत असावी, खोलीच्या जवळ असावी आणि मेकॅनिकला तेथे नीट उभे राहता यावे. भिंत बांधून झाल्यावर ही आठवण येऊन उपयोग नाही.

सरकारनेही या गोष्टीची दखल घेतली आहे. २०१६ साली आफ्रिकेतील किगाली शहरात मॉन्ट्रियल कराराला नवी जोड दिली गेली आणि उष्णता अडवणारे हे वायू कमी करण्याचे देशांनी ठरवले. भारताने २०२१ साली त्याला मंजुरी दिली. त्यानुसार आपल्याला २०३२ पासून २०४७ पर्यंत हे वायू पायरीपायरीने ८५ टक्क्यांनी कमी करायचे आहेत. २०१९ साली भारत सरकारने थंडाव्यासाठी एक राष्ट्रीय आराखडा तयार केला. त्यात चांगल्या यंत्रांबरोबर चांगल्या इमारतींवरही भर आहे. राहत्या घरांच्या भिंती, छत आणि खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी, याचे नियम 'इको-निवास संहिता' या नावाने २०१८ सालीच तयार झाले. मात्र तालुक्याच्या गावी घर बांधणारा मनुष्य दिल्लीची संहिता वाचत नाही, तो गवंड्याला विचारतो. त्यामुळे हे ज्ञान गवंड्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

आता आमच्या संगणकाच्या खोलीकडे वळू. मुख्याध्यापिका बाईंना मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी आधी ऐकूनच घेतले नाही. "खोली का कधी दुखणे आणते?" असे त्या म्हणाल्या. पण तीन वर्षांच्या गॅसच्या पावत्या पाहिल्यावर त्या विचारात पडल्या. खालच्या मजल्यावर उत्तरेला एक मोठी खोली होती. तिच्यात मोडकी बाके आणि जुने नकाशे ठेवले होते. बाहेर कडुनिंबाचे झाड. शाळेतील सर्वांत थंड खोलीत आम्ही मोडकी बाके ठेवली होती आणि सर्वांत गरम खोलीत मुले बसवली होती! सुटीत आम्ही अदलाबदल केली. गच्चीला चुना दिला तो दहावीच्या मुलांनी. पांढरे झालेले हात घेऊन ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी एकाची अम्मी तक्रार घेऊन आली, की नव्या शर्टाची वाट लागली.

एसी काढण्याच्या दिवशी माझा विद्यार्थी पुन्हा आला. त्याने मुलांना गोल उभे केले. आधी एक झडप बंद केली आणि यंत्र काही मिनिटे चालू ठेवले. नळ्यांतला गॅस बाहेरच्या पेटीत जमा झाला. मग दुसरी झडप बंद करून त्याने यंत्र थांबवले.

"झाले. गॅस आत कोंडला," तो म्हणाला. "याला आम्ही पंप डाऊन म्हणतो. याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही."

"मग सगळे असे का करत नाहीत, भाईजान?" एका मुलीने विचारले.

"घाई," तो म्हणाला. एवढाच शब्द.

खालच्या खोलीत एक एसी बसवला. त्याची नळी आता फक्त भिंत ओलांडण्यापुरती आहे. दुसरा एसी बसवण्याची वेळच आली नाही. पुढच्या मे महिन्यात तो तपासणीला आला, मीटर लावले आणि हसला. गॅस होता तेवढाच होता. त्याने जाळी धुऊन दिली, तेवढेच पैसे घेतले.

"तुमच्यामुळे माझे नुकसान झाले, सर," तो म्हणाला. थट्टेत म्हणाला, तरी त्यात थोडे खरे होते. दर उन्हाळ्याची कमाई त्याच गॅसवर असते, आणि घरी त्याच्या दोन लहान मुली आहेत. मला त्यावर पटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर त्यानेच शोधले. गेल्या महिन्यात दौंडच्या स्टेशनजवळ तो मला भेटला. खिशात मोजपट्टी होती. एका गृहस्थांचे घर बांधायला निघाले आहे. पाया अजून भरायचा आहे. पेटी कोठे ठेवायची, नळी कोठून न्यायची आणि कोणत्या खोलीत एसी नसला तरी चालेल, हे विचारायला त्यांनी त्याला आधीच बोलावले होते. त्याचे पैसेही ते देणार होते. गवंडी वाट पाहत होता, म्हणून तो फार वेळ थांबला नाही.

शब्दार्थ

पाझरणे – थेंब थेंब बाहेर येणे.
शीतक – थंडावा निर्माण करण्यासाठी यंत्रात वापरला जाणारा वायू.
विरळ – पातळ, कमी दाट.
माळवद – मातीचा थर असलेले सपाट छत.
तुळई – छताला आधार देणारे आडवे लाकूड.
निवणे – थंड होणे.
तट्ट्या – बांबूच्या कामट्यांची विणलेली चटई.
झडप – नळीतील प्रवाह बंद-चालू करणारा भाग.
जीव कासावीस होणे – अतिशय त्रास होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माठातले पाणी गार का होते?
(आ) वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ साली काय सिद्ध केले?
(इ) पश्चिमेच्या खिडकीला चिक बाहेरून का लावावी?

प्र. २. कोण कोणास म्हणाले?
(अ) "यात यंत्राचा दोष कमी आहे."
(आ) "मग सगळे असे का करत नाहीत?"

प्र. ३. नानीजानच्या घराचे दोन गुण आणि दोन दोष पाठाच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा.

प्र. ४. हवा, जमीन, हिशेब, नुकसान हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : शाळेतील वरच्या मजल्याची एक खोली आणि खालच्या मजल्याची उत्तरेकडील एक खोली निवडा. आठवडाभर रोज दुपारी तीन वाजता दोन्ही खोल्यांचे तापमान तापमापकाने मोजा व वहीत तक्ता करा. तक्ता वर्गात वाचून दाखवा.